आहेराच्या पाकिटातली नोट

लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दोनच कामं उरतात, मांडववाल्याचा हिशोब आणि आहेराची पाकिटं. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं आम्ही पत्रिकेवर छापलं होतं, तरी पिशवीभर पाकिटं आली होतीच. नाशिकरोडच्या घरी सतरंजी अंथरून आम्ही तिघं बसलो. आत्या पाकीट फोडून नाव वाचणार, मामा पैसे मोजणार, मी वहीत लिहिणार.

आत्यानं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे सगळं नाशिकरोड तिला बाई म्हणतं, मामासुद्धा. मामा प्रेसमधून निवृत्त झालेला. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना. आधी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेहून छापून यायच्या. 1928 पासून त्या इथं छापायला लागल्या आणि तेव्हापासून या गावातल्या कितीतरी घरांचा स्वयंपाक त्या यंत्रांवर शिजला. मामाच्या घरचाही.

विसाव्या-बाविसाव्या पाकिटात शंभराची नोट निघाली. वरच्या एका रुपयासाठी पाकिटावर नाणं चिकटवलेलं असतं, ते मात्र नव्हतं. शंभराच्या घडीत एक रुपयाची जुनी नोट ठेवली होती, कडा मऊ पडलेली. देवघरातल्या डबीत वर्षानुवर्षं जपून शेवटी कुणीतरी आमच्या पदरात घातलेली.

“शंभराची नोट एक, एकाची नोट एक,” असं म्हणत मी लिहायला लागलो.

“एकाची नोट नाही ती,” मामा म्हणाला. “नाणं लिही.”

“अहो भाऊ,” आत्यानं चष्मा वर केला, “कागदाला नाणं म्हणायचं?”

“कायदा म्हणतो. वाचा ना तिच्यावर काय छापलंय ते. शंभराच्या नोटेवर ‘भारतीय रिज़र्व बैंक’ आहे, खाली गव्हर्नरची सही आहे, आणि ‘मैं धारक को’ वगैरे वचन आहे. हिच्यावर बघा. ‘भारत सरकार’. सही वित्त सचिवाची. वचन शोधून दाखवा.”

आत्यानं नोट उलटीपालटी केली. वचन नव्हतं. नाण्याचं चित्र मात्र होतं.

“रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बँकेच्या नोटा दोन रुपयांपासून सुरू होतात,” मामा सांगत होता. “एक रुपया सरकारचा. मग तो धातूचा असो नाहीतर कागदाचा, कायद्यात तो नाणंच. 1917 साली पहिली एकाची नोट काढली ती महायुद्धात चांदी मिळेना म्हणून. नाण्याची बदली कामगार आहे ती. मध्ये 1994 साली छपाई बंद केली होती, 2015 ला परत सुरू झाली.”

“म्हणजे तिच्यावर वचन नाही म्हणून ती नोट नाही, असंच ना?” आत्या एकदम खूश झाली. “मी दुसरं काय सांगत असते? नोट या शब्दाचा अर्थच मुळी वचन.”

मामाच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या दारातून आत आलो. “असं मी कुठं म्हटलं?” असं तो म्हणाला खरा, पण पाकिटं तिथंच राहिली.

आत्याचं म्हणणं मी पूर्वीही ऐकलं आहे, पण त्या दिवशी तिनं ते नीट उलगडलं. लॅटिनमध्ये ‘नोटा’ म्हणजे खूण. खुणेवरून टिपण, टिपणावरून चिठ्ठी. सतराव्या शतकात लंडनचे सोनार लोकांचं सोनंनाणं सांभाळायला ठेवून घेत आणि पावती देत. ती पावती म्हणजे ‘नोट’. पुढं लोकांना सोनं हलवण्यापेक्षा पावतीच एकमेकांच्या हाती देणं सोपं वाटायला लागलं. 1694 साली बँक ऑफ इंग्लंड निघाली तेव्हा तिनंही ठेवीच्या बदल्यात अशाच चिठ्ठ्या दिल्या, अमुक इतके देईन असं लिहून आणि खाली कॅशियरची सही करून. “आपल्या नोटेवरचं वचन तिथून आलंय,” आत्या म्हणाली. “ज्याच्या हातात ही चिठ्ठी असेल त्याचं आम्ही देणं लागतो, एवढाच तिचा अर्थ. कायद्याच्या मराठीत याला किती छान शब्द आहे बघा, वचनचिठ्ठी. नोट म्हटलं की त्यातलं वचन दिसेनासं होतं. हाच माझा राग आहे. आपण इंग्रजांकडून वस्तू घेतली आणि अर्थ बोटीवरच राहिला.”

“बाई, दुधाची पिशवी आणायला वचनचिठ्ठी घेऊन जाऊ?”

“चेष्टा नको. हुंडी म्हणत होताच की आपण शेकडो वर्षं.”

हुंडीचं नाव निघालं की आत्याला थांबवणं अवघड. आणि खरं सांगायचं तर थांबवूही नये. पेशवाईत पुण्याहून काशीला जाणारा माणूस रुपयांच्या थैल्या बरोबर नेत नसे. इथल्या पेढीवर पैसे भरून तिथल्या पेढीवरची हुंडी नेई. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. सावकार या बदल्यात जे कापून घेई ती हुंडणावळ. हा शब्द इतका पक्का होता की रुपया आणि पौंड यांच्या दरालाही मराठी लेखक हुंडणावळीचा दरच म्हणत. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत काढत, तिला पेठ म्हणायचं. पैसे देऊन झाले की ती हुंडी रद्द, तिचं नाव खोखा. (आता खोका म्हटलं की लोक एक कोटी समजतात आणि पेटी म्हटलं की लाख. सराफी बोलीतला खोखा मात्र निकाली निघालेला निव्वळ कागद होता. हा योगायोग मला फार आवडतो.) सरकारी खजिन्यावर लिहून दिलेल्या देण्याच्या हुकमाला वरात म्हणत. लग्नाच्या घरात बसून हे ऐकताना मला हसू आलं.

“आणि बनावट होऊ नये म्हणून काय करत माहितीये?” आत्या म्हणाली. “शंभर रुपये असं अंकात लिहायचं, अक्षरात लिहायचं, आणि शिवाय निमे पन्नास, त्याची दुप्पट असंही लिहायचं. कुणी एक शून्य वाढवलं तर निम्म्याचा हिशोब त्याला पकडून देणार. तुमच्या नोटेतल्या त्या चांदीच्या तारेपेक्षा काही कमी नव्हतं हे.”

मामानं मान डोलावली. हिशोबाचं कौतुक त्याला नेहमीच असतं. मग म्हणाला, “पण बाई, हुंडीचं काय होतं शेवटी?”

“काय होतं म्हणजे?”

“क्रियापद सांगा. व्याकरण तुमचं.”

“हुंडी वटते.”

“चेक?”

“वटतो.”

“आणि नोट?”

आत्या गप्प झाली. तिला उत्तर माहीत होतं, म्हणूनच.

“नोट चालते,” मामानं स्वतःच सांगितलं. “किंवा चालत नाही. दुकानदार काय म्हणतो? ‘ही फाटकी चालणार नाही.’ वटते असं कुणी म्हणत नाही. हुंडी वटली की मरते, तुमचा तो खोखा होतो. नोट मरतच नाही. माझ्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून भाजीवालीकडे. म्हणून तिला चलन म्हणायचं. हुंडीला कुणी चलन म्हटलंय का? तुम्ही शब्दाचं मूळ शोधत लॅटिनपर्यंत गेलात, पण उत्तर आपल्या क्रियापदात पडलंय.”

माझं मत विचाराल तर त्या सकाळचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच होता, आणि तो व्याकरणाच्या बाईंनी न काढता मोजणाऱ्या माणसानं काढला.

मामा पुढं म्हणाला, “आणि तुमचं ते वचन. समजा मी पाचशेची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलो आणि म्हणालो, दिलेलं वचन पाळा, अदा करा पाचशे रुपये. काय देतील? शंभराच्या पाच नोटा. त्यांच्यावरही तेच वचन. हे म्हणजे उद्या देतो म्हणणाऱ्या उधारीवाल्यानं उद्या आणखी एक ‘उद्या’ देण्यासारखं झालं. 1861 ला सरकारनं नोटा काढल्या तेव्हा ठीक होतं, नोट दिली की चांदीचा रुपया हातात यायचा. आता चांदी कुठाय?”

“वचनाचं मोल कमी झालं म्हणून शब्दाचा अर्थ बदलतो का?”

“बदलतो! नाहीतर रुपयाला रुपया कसं म्हणता? रूप्य म्हणजे चांदी, तुम्हीच शिकवलंत. त्यात आज चांदीचा कण नाही. आणि परका शब्द म्हणून राग असेल तर दाम कुठून आला? ग्रीकांच्या द्राख्मेवरून. मोहोर फारसी. होन कानडी. नाणं तर म्हणे कुठल्याशा परदेशी देवीच्या नावावरून.”

“नना,” आत्या म्हणाली. “कुशाणांच्या नाण्यांवर असायची. असं मानतात.” शत्रूला दारूगोळा पुरवण्याची शिक्षकांना खोडच असते.

“मग? पैसा जिथून येतो तिथून शब्द येतो. माल उतरला की हमाल नाव विचारत बसत नाही.”

आत्यानं यावर जे सांगितलं ते मामाच्याच बाजूचं निघालं, पण तिनं ते विरोधात म्हणून सांगितलं. इराणात मंगोलांचं राज्य होतं तेव्हा गयखातू नावाच्या इलखानानं 1294 साली तब्रीझमध्ये कागदी पैसा काढला. खजिना रिकामा होता, आणि चीनमध्ये कुबलाई खानाचे कागद बिनबोभाट चालत असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. नावही चिनीच ठेवलं, चाव. चीनमध्ये या गोष्टीची दोनशे वर्षांहून जुनी सवय होती. सिचुआनात लोखंडाची जड नाणी वागवून कंटाळलेल्या व्यापाऱ्यांनी पेढ्यांच्या पावत्या वापरात आणल्या आणि मग 1020 नंतरच्या दशकात सरकारनं तो धंदा आपल्याकडे घेतला. तब्रीझमध्ये मात्र दुकानं बंद पडली, बाजार ओस पडला, लोक खवळले आणि थोड्याच काळात चाव मागं घ्यावा लागला. “का?” आत्यानं विचारलं. “कारण त्यामागं वचनच नव्हतं. रिकाम्या तिजोरीचं वचन कोण धरणार? आपल्याकडे तुघलकानंही पुढं तेच केलं. चांदीच्या टंक्याच्या जागी पितळ-तांबं चालवायला गेला. दौलताबादेतही पाडली ती नाणी. लोकांनी घरोघर टांकसाळी घातल्या आणि शेवटी खरी चांदी देऊन ते तांबं परत घ्यायची पाळी त्याच्यावर आली.”

“आणि इराणात आज नोटेला काय म्हणतात? चाव?”

“नाही. एस्केनास.” तिनं थोडं नाखुशीनंच सांगितलं. “रशियनमधून आलेला शब्द आहे तो.”

“बघा! चाव चालला नाही, तर शब्दही मेला. रशियाचा कागद आला, त्याचा शब्द राहिला. आपल्याकडे नोट चालली म्हणून नोट राहिली. तमिळात नोट्टु, कानडीत नोटु, तेलुगूत नोटु. एवढ्या सगळ्यांचं चुकलं होय?”

स्वयंपाकघरातून चहा आला. तेवढ्या वेळात मी वहीत पाहत होतो. मघाशी मी ‘नोट’ लिहून थांबलो होतो. मला एक गंमत सुचली, ती मी बोलून दाखवली. इंग्रजीतला हा एकच शब्द मराठीत दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याला वेगळं वागवलं गेलं आहे. परीक्षेच्या असतात त्या नोट्स, पाहुण्यासारख्या इंग्रजी अनेकवचनासकट. पैशाच्या असतात त्या नोटा. वाट, वाटा, लाट, लाटा, तशी नोट, नोटा. नोटेवर, नोटांनी, नोटेची. हिंदीत ‘नोट छपा’ म्हणतात, तिथं तो पुल्लिंगी. आपल्याकडे ती बाईमाणूस. घरात राहायला आलेल्याचंच असं लिंगवचन बदलतं.

“नोंद हीसुद्धा तिचीच बहीण का रे?” मामानं विचारलं.

“नाही हो,” आत्या म्हणाली, “गुजरातीत नोंध आहे. नादावरून नातं जोडू नका.” पण नोट्स-नोटांचं तिला पटलेलं दिसलं, कारण तिनं स्वतःहून पुढं भर घातली. “2016 साली वर्तमानपत्रं निश्चलनीकरण, विमुद्रीकरण असं काय काय छापत होती. हिंदीवाले नोटबंदी म्हणत होते. आपल्या लोकांनी त्याची नोटाबंदी केली. दारूबंदी, शस्त्रबंदी, नोटाबंदी. आणि निवडणुकीत जो ‘नोटा’ असतो, वरीलपैकी कुणी नाही, त्याच्याशी घोळ होतो तो वेगळाच. माझ्या शेजारणीनं विचारलं होतं, मतदानयंत्रात पण नोटा चालतात का म्हणून.”

“चालतात,” मामा म्हणाला. “यंत्रात नाही, आदल्या रात्री.”

आता वाटलं की वाद संपला. पण नोटाबंदीचं नाव निघाल्यावर आत्यानं चहाचा कप खाली ठेवला.

“भाऊ, तुम्ही म्हणता नोट म्हणजे फक्त चलन, वचन नुसतं शोभेचं. मग मला एक सांगा. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा चालायच्या बंद झाल्या. तुमच्या हिशेबानं त्याच क्षणी त्यांचा अर्थ संपला. मग बँका उघडल्यापासून लोक त्यांच्यासमोर रांगा लावून कशासाठी उभे होते? कुणीतरी आपलं देणं लागतं, म्हणूनच ना? आणि सरकारनं 2017 साली त्यासाठी वेगळा कायदा केला. त्याच्या नावातच लिहिलंय की या नोटांवरचं दायित्व संपलं. दायित्व! वचन नव्हतंच, तर संपवलं काय?”

मामा बराच वेळ बोलला नाही. पुढ्यातल्या दहाच्या नोटांची गड्डी त्यानं ठोकून सरळ केली, मोजून झाली होती तरी परत मोजली. प्रेसमध्ये सकाळी कागद मोजून घ्यायचा आणि संध्याकाळी मोजून द्यायचा. बिघडलेला तावसुद्धा मोजून द्यायचा. हाताला लागलेली सवय.

“आम्हाला तो पैसा कधी वाटलाच नाही,” तो म्हणाला, जरा वेगळ्याच आवाजात. “लोक विचारायचे, एवढ्या नोटा समोर बघून मन चळत नाही का? अहो, समोर नोटा कुठं होत्या? ताव होते. आणि कागदसुद्धा नाही तो खरा, कापूस. म्हणून तर खिशात राहून धुतली तरी नोट टिकते. गेटबाहेर पडून रिझर्व्ह बँकेकडे गेली, बँकेनं ती बाहेर काढली, की मग पैसा. त्याच्या आधी तिच्यावर वचन छापलेलं असतंच की, सही छापलेली असते, नंबर असतो. पण पैसा नसतो. मग वचनानं पैसा होतो असं मी कसं मानू?”

“मी पैसा म्हटलं नाही. मी नोट म्हटलं.”

“फरक आहे?”

“तुम्हीच तर मघाशी केलात. हे बघा.” आत्यानं बोटं मोडायला सुरुवात केली. “ही आजची एकाची. वचन नाही, चालते. जुनी हजाराची. वचनही गेलं आणि चालणंही गेलं. आणि दोन हजाराची गुलाबी. ती 2023 च्या मे महिन्यात परत बोलावली, कुणी दुकानदार घेत नाही, पण कायद्यानं ती अजून रद्द नाही. रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत नेलीत तर आजही तिचे पैसे मिळतात. म्हणजे चालत नाही, पण वचन जिवंत. तिला काय म्हणाल?”

“हुंडी,” मामा म्हणाला आणि स्वतःच चमकला.

आत्या हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं फक्त पुढचं पाकीट उचललं.

“मग या एकाचं काय लिहू?” मी विचारलं. “नोट की नाणं?”

“रोख लिही,” मामा म्हणाला. “रोख एकशे एक. भांडण मिटलं.”

“रोखच,” आत्यानं मान्य केलं. “रोखा लिहू नकोस म्हणजे झालं. एक काना वाढला की हातातले पैसे जाऊन कर्जाचा कागद होतो.”

मी लिहिलं. ती नोट मामानं रोखीच्या ढिगात टाकली नाही. माझ्या वहीच्या पानांत सरकवली, पुढच्या लग्नाला लागेल म्हणून. शंभराच्या मागच्या बाजूला भाषांची उतरंड असते. ती आत्यानं सवयीनं पाहून घेतली. आठव्या ओळीत ‘शंभर रुपये’. स्वातंत्र्यानंतर नोटेवर हिंदीतलं अनेकवचन रुपया छापायचं की रुपये यावर खल झाला होता आणि अखेर रुपये ठरलं, ही गोष्ट ती प्रत्येक लग्नात सांगते. या लग्नातही सांगितली.

पुढच्या पाकिटाला पैशाचा फुगवटाच नव्हता. आत्यानं ते उलटं करून झटकलं. आतून वहीच्या कागदाची एक घडी पडली. तिनं वाचून दाखवलं, ‘सुट्टे नव्हते, 501 फोनवरून वराच्या वडिलांना पाठवले आहेत. लोभ असावा.’ खाली नाव आणि सही.

“बघा भाऊ,” आत्याचा चेहरा उजळला. “एका ठिकाणी भरले, दुसऱ्या ठिकाणी मिळणार, आणि मध्ये सहीची चिठ्ठी. ही पुन्हा हुंडीच नाही का?”

“दर्शनी की मुदती?”

“दर्शनी!”

“मग आधी वटली का ते विचार,” मामा मला म्हणाला.

मी वडिलांना हाक मारली. ते मांडववाल्याशी वाद घालत होते, आणि त्यांचा फोन रात्रीपासून बंद पडला होता.